बाद गड्यांचा बाक

ज्यांनी आयुष्यात कधी कुठल्या मैदानावर धड पाय ठेवला नाही, तीच माणसं खेळापासून सगळ्यात जास्त शिकतात; आणि अशा माणसांची कधी स्पर्धा भरलीच, तर माझे साडू तिच्यात बिनविरोध पहिले येतील. माझं दुर्दैव दुहेरी. ते माझे साडू, म्हणजे सणावाराला सासुरवाडीच्या पंगतीत शेजारी. आणि विंचूरजवळच्या ज्या द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये मी माल तपासतो तिथले ते मॅनेजर, म्हणजे उरलेले सगळे दिवस डोक्यावर. शाळेत आपण कबड्डीच्या संघात होतो असं ते सांगतात. त्यांचे एक वर्गमित्र मला नाशिकला एका लग्नात भेटले होते. ते म्हणाले, होता ना, खेळाडूंच्या चपला सांभाळायला होता.

टीव्हीवर व्यावसायिक कबड्डीचा हंगाम सुरू झाला की लोक सामने बघतात. साडूभाऊ सामने बघत नाहीत. सामना चालू असतो तेव्हा ते जेवून घेतात, पाय धुतात, मोबाइल चार्जिंगला लावतात, आणि सामना संपला की हातात वही नसलेल्या विद्यार्थ्यासारखे टीव्हीसमोर बसतात. त्यांना बघायची असते ती नंतरची मुलाखत. त्यातही जिंकलेल्या कर्णधाराची नाही. "जिंकल्यावर काय, कोणीही गोड बोलतो," ते म्हणायचे. "हरलेला काय बोलतो ते ऐका. तिथं माणूस कळतो." मग दुसऱ्या दिवशी चढाई कोणी केली, पकड कोणी केली, विचारलं तर यांना पत्ता नसायचा; पण पराभव स्वतःच्या अंगावर घेताना कोणत्या कर्णधाराचा आवाज कापरा झाला होता, हे जेवणाच्या सुट्टीत साभिनय ऐकावं लागायचं. मेथीची भाजी घशाखाली उतरत नसे.

एवढ्यावर निभावलं असतं. पण मालकांना कोणीतरी भरीला घातलं आणि त्यांनी साडूभाऊंना गंगापूर रोडवरच्या एका हॉटेलात शिबिराला पाठवलं. विषय होता, खेळाच्या मैदानावरून शिकायचं अस्सल नेतृत्व. शिकवायला आलेल्या गृहस्थांनी सुटावर खेळाचे बूट घातले होते, यावरूनच मला काय ते समजायला हवं होतं. त्यांनी सांगितलं की खरा नेता मनातलं लपवत नाही, आपली भीती, आपलं दुःख संघासमोर उघडं करतो. असली विद्या दुसऱ्या कोणी ऐकली असती तर जेवणाच्या बुफेपाशीच विसरून आला असता. आमचे साडूभाऊ येताना गळ्यात शिट्टी अडकवून आले.

दुसऱ्या सकाळपासून काम सुरू होण्याआधी आमचा गोल भरू लागला. डोक्याला जाळीच्या टोप्या घातलेल्या सगळ्या बाया, हमाल, ड्रायव्हर आणि मी, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे, आणि मध्ये साडूभाऊ मन उघडं करताहेत. मला कोल्ड रूमची भीती वाटते, हे त्यांनी सांगितलं. मला कालपासून पोटात गॅस धरलाय, हेही सांगितलं. एका सकाळी तर काल मिरचीच्या ठेच्यावरून बायकोशी कसं भांडण झालं आणि चूक कशी आपलीच होती, ते डोळ्यांत पाणी आणून सांगितलं. हिराबाई त्यांच्याच गल्लीत राहते. माल निवडणाऱ्या बायांमध्ये ती सगळ्यात जुनी आणि सगळ्यात बोलकी. दुपारच्या आत ती हकिगत माझ्या मेव्हणीच्या कानावर गेली, आणि संध्याकाळी अस्सल नेतृत्वाला घरी काय मिळालं ते त्यांनी पुढच्या गोलात मात्र सांगितलं नाही.

पण कळस होता तो बाक. गेटजवळच्या शेडमध्ये एक लाकडी बाक पडला होता. त्यावर त्यांनी पिवळा रंग मारून घेतला आणि कबड्डीचा कायदा पॅकहाउसला लागू केला. कोणाच्या हातून चूक झाली, खोक्यात फुटका मणी गेला, घडाला कात्री लागली, की शिट्टी वाजायची आणि तो गडी बाद. त्यानं बाकावर जाऊन बसायचं. तपासणीत पुढचा माल पास झाला की बाकावर जो आधी बसला असेल तो जिवंत होऊन आत यायचा. पगार कापायचा नाही, बोलायचं नाही, मालकांना कळवायचं नाही. मी त्यांना म्हटलं, साडूभाऊ, हे कामगारांना डोक्यावर बसवणं झालं. त्यावर ते अतिशय गंभीरपणे म्हणाले, "कबड्डीत गडी बाद होतो, मरत नाही. माणसं मारतात ती ऑफिसात."

वाक्य चांगलं होतं, पण व्हायचं तेच झालं. चहाच्या वेळेला बाया हटकून चुकू लागल्या. हिराबाई तर शिट्टीची वाटही बघत नसे. "साहेब, म्या बाद झाले हां," असं म्हणून आपणच जाऊन पाय पसरायची. एका दुपारी बाकावर जागा उरली नाही आणि आत खोकी भरायला मी आणि ड्रायव्हर, दोघंच. अख्खा संघ बाद होऊन आमच्यावर लोण चढायचाच बाकी होता. सासुरवाडीला मी ही गोष्ट रंगवून सांगितली की सासरे पोट धरून हसायचे. साडूभाऊसुद्धा हसायचे, आणि हसून झालं की म्हणायचे, पण गेल्या हंगामातला एकही माणूस काम सोडून गेला नाही, हे सांगा ना. ते मी सांगत नसे.

यंदा मार्चमध्ये परदेशी जाणारा माल कोल्ड रूममध्ये भरला होता आणि दार नीट लागलं नाही. सकाळी उघडलं तर आत घरातल्या माजघराइतकीच ऊब. घड मऊ पडलेले. परदेशाचा सौदा गेला, मिळेल त्या भावाला तो माल इथंच काढावा लागणार होता. कोल्ड रूम निवृत्तीकडे असायची. तो नामपूरकडचा, मितभाषी, बायकोमुलीला घेऊन पॅकहाउसच्याच मागच्या खोलीत राहणारा. काम गेलं की खोली गेली, आणि मुलीची दहावीची परीक्षा चालू होती.

मालक नाशिकहून गाडी दामटत आले. सगळ्यांना अंगणात उभं केलं आणि कोणी केलं ते विचारलं. निवृत्ती पुढं झाला. "चूक मनी शे, शेठ," एवढंच आपल्या अहिराणीत म्हणून त्यानं चूक कबूल केली. मालकांनी त्याला संध्याकाळच्या आत खोली रिकामी करायला सांगितलं.

तेव्हा शिट्टी वाजली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मालकांसमोर शिट्टी! साडूभाऊ म्हणाले, निवृत्ती बाद आहे, तो बाकावर बसेल आणि माल पास झाला की आत येईल. मालकांनी विचारलं, डोकं ठिकाणावर आहे का. एवढं नुकसान झाल्यावर कोणीतरी जायलाच पाहिजे. मी मनात म्हटलं, झालं, आता हे मुलाखत देणार. डोळ्यांत पाणी येणार, आवाज कापरा होणार. तसलं काही झालं नाही. त्यांनी शिट्टी गळ्यातून काढून खिशात घातली.

"मग मी जातो," ते म्हणाले. "दार लागलंय का ते शेवटी बघायचं काम माझं. मला त्या खोलीजवळ जायची भीती वाटते, म्हणून मी लांबूनच बघितलं. ह्याला राहू द्या."

आम्हाला सगळ्यांना वाटलं, मालक विरघळतील. मालक विरघळले नाहीत. त्यांनी ठीक आहे म्हटलं आणि ऑफिसात त्यांचा हिशेब करायला सांगितलं. साडूभाऊ गेटकडे गेले आणि बाकावर बसले. हिशेब होईपर्यंत कुठंतरी बसायचं म्हणून बसले, की कायदा म्हणून, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. दुपारी दुसरा माल तपासणीत पास झाला. शिट्टी नव्हती, त्यामुळे कोणाला काही सुचेना. शेवटी हिराबाई पदराला हात पुसत गेटपाशी गेली.

"साहेब, माल पास झाला. चला आत, तुमचा नंबर हाय."

त्यांनी मालकांच्या उभ्या असलेल्या गाडीकडे पाहिलं, तिला हात जोडले आणि स्कूटरला किक मारली.

आता नवे मॅनेजर आहेत. ते मनातलं काही सांगत नाहीत. त्यांच्या मनात काही असावं असंही वाटत नाही. काम शिस्तीत चालतं आणि हंगाम संपायच्या आत चार बाया सोडून गेल्या. निवृत्ती आहे. त्याची मुलगी पास झाली. साडूभाऊ हल्ली एका खताच्या दुकानात बसतात आणि तिथल्या गिऱ्हाइकांना हरलेल्या कर्णधारांच्या गोष्टी सांगतात, असं ऐकतो. सासुरवाडीत मी अजूनही त्यांची टिंगल करतो, पण ती पूर्वीसारखी रंगत नाही, आणि सासरेही नुसतेच मान हलवतात. मला त्या बावळट माणसाची आठवण येते, हे इथं लिहितो. त्यांच्यासमोर बोलणार नाही.

कंटेनर पास झाला की मी त्यांना मोबाइलवर तेवढं कळवतो. ते लगेच उलट विचारतात, "मग आत कोण आलं?" बाकावर आता एकच गडी उरलाय, आणि तोच मला हे विचारतो.