गॅस्केट गळत नव्हतं

दर ईदला माझा मुलगा पाहुण्यांना अंगणात नेऊन गाडी दाखवतो. शीरखुर्म्याच्या वाट्या हातात घेऊन लोक पत्र्याच्या शेडखाली उभे राहतात. तो बॉनेट उघडतो आणि सांगतो, "हे इंजिन अब्बांनी स्वतः खोलून बांधलंय. सत्तरीत, लाइफमध्ये पहिल्यांदा. अम्मीला सोहारला न्यायचं होतं ना, म्हणून. रोज राबत होते. पण अम्मी थांबली नाही." मग कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवतं. मी मान खाली घालतो. लोकांना वाटतं, म्हाताऱ्याला आठवण आली.

या ईदलाही तसंच झालं. सून खजुरांचं ताट घेऊन माझ्यासमोर उभी होती. मुलगा "रोज राबत होते" म्हणाला, तशी ती ताट तसंच घेऊन आत निघून गेली. एकालाही खजूर दिला नाही. तिला खरं ठाऊक आहे. इतकी वर्षं तिनं ते कुणाला सांगितलं नाही, मलाही कधी विचारलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

खरं काय झालं ते आता लिहून ठेवतो.

आम्ही मूळ रत्नागिरीकडचे. मी ऐन तारुण्यात मस्कतला आलो, मग सोहारच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी मिळाली. लग्नानंतर बायकोला तिथंच आणलं. एक खोली, बाहेर नळ आणि चालत जाता येईल एवढ्यावर समुद्र. ती गावी समुद्राकाठीच वाढलेली. पण इथल्या समुद्राला ती "बिनआवाजाचा" म्हणायची. तरी रोज संध्याकाळी तिकडंच जायचं असायचं. पुढं बदली झाली, मुलगा झाला, तो शिकला, नोकरीला लागला. आता आम्ही सगळे मस्कतजवळ अल हैलला त्याच्या घरी राहतो. गाडी मात्र सोहारच्या दिवसांतलीच. जुनी जपानी गाडी, जुनीच घेतलेली. माझ्या बायकोनं आयुष्यात ज्या ज्या ठिकाणी जायचं म्हटलं, तिथं याच गाडीनं गेलो.

ती आजारी पडली त्या उन्हाळ्यात गाडीही निळा धूर सोडायला लागली. तेल पीत होती, चढावर दम टाकत होती. सरकारी तपासणीत नापास झाली. मुलगा म्हणाला, "अब्बा, भंगारात द्या. माझी गाडी आहे की."

बायको पलंगावरून म्हणाली, "देऊ नका वो. ती नीट करा आणि मला एकदा सोहारला न्या. तिच्यातनंच न्या. ती खोली आहे की पाडली, ते बघायचंय मला."

तिला तेव्हा उठून बसता येत होतं. इस्पितळातल्या डॉक्टरांनी उपचार थांबवून तिला घरी न्यायला सांगितलं होतं. त्याचा अर्थ घरात सगळ्यांना कळला होता.

गॅरेजवाल्यांनी इंजिन बांधायचे जे पैसे सांगितले, त्यात दुसरी गाडी आली असती. म्हणून मी ठरवलं, आपणच करायचं. मी मेकॅनिक नाही. पण जन्मभर स्टोअरमध्ये सुटे भाग मोजून दिलेले. फोनवर व्हिडिओ बघून शिकलो. मस्कतच्या हमरियात रायगडकडचा एक गॅरेजवाला माझा जुना दोस्त आहे. त्यानं साखळीचा पुली-घोडा आणि दोन माणसं पाठवून इंजिन बाहेर काढून दिलं, जुन्या टायरवर ठेवून दिलं आणि जाताना टॉर्क पाना माझ्या हातात दिला. बोल्ट ठरल्या जोरानं आवळायचा पाना. म्हणाला, "चाचा, हा माझ्या बायकोपेक्षा नाजूक आहे. पाडू नका."

पिस्टनच्या रिंगा, बेअरिंगं, सांध्यांतून गळू नये म्हणून मध्ये दाबायच्या गॅस्केटचा सेट मी सुट्या भागांच्या दुकानांत फिरून, घासाघीस करून जमवले. पिस्टन जुनेच ठेवले. हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, तेवढं मशीनवर घासून आणलं. सुटलेला प्रत्येक भाग मी ओमानी हलव्याच्या रिकाम्या डब्यांत ठेवला आणि डब्यांवर नंबर टाकले. सून हसायची, "अब्बा, दुकान थाटलं की काय?"

सुरुवातीचे उशीर खरे होते, हे आधी सांगतो. पिस्टनवर चढवताना एक रिंग माझ्या हातून मोडली. एकटी रिंग कुणी विकत नाही, सबंध सेट घ्यावा लागतो. तो दुबईहून येईपर्यंत थांबलो. एकदा बेअरिंग चुकीच्या मापाचं निघालं. माझा हात नवशिका होता आणि वय झालं होतं.

पण व्हॉल्व्ह घासण्याचं काम आलं आणि मला त्याची गोडी लागली. व्हॉल्व्हच्या बैठकीवर वाळूसारखी खरखरीत पेस्ट लावायची, टोकाला रबरी वाटी असलेली काठी व्हॉल्व्हला चिकटवायची आणि दोन्ही तळव्यांत धरून रवीसारखी फिरवायची. घुसळत राहायचं. पुसायचं, बघायचं, पुन्हा घुसळायचं. त्याला अंत नाही. कुणी विचारलंच तर "अजून बसलं नाही" म्हणता येतं. एका व्हॉल्व्हला जेवढा वेळ पुरे, त्याच्या चौपट मी घेतला.

आमच्यात आजाऱ्याला बघायला बायका येतात तेव्हा पुरुष बाहेर बसतात. दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर, शेजारपाजारच्या, ओळखीच्या बायका यायच्या, पलंगाभोवती बसून कुराणातली यासीन पढायच्या. मी शेडमध्ये. त्या जाताना मला काठी फिरवताना बघायच्या. एक दिवस एक जण दुसरीला म्हणालेली मी ऐकली, "बिचारा, तिच्यासाठीच चाललंय सगळं." मला ते बरं वाटलं. हळूहळू मी सकाळीही, बायका नसताना, आत जाईनासा झालो.

सून दाराशी येऊन म्हणायची, "अब्बा, अम्मी बोलावतात."

"हात बघ माझे," मी म्हणायचो. "ग्रीस आहे. धुऊन येतो."

मग मी कामाला लागायचो आणि ती आत जायची. एकदा खिडकीतून बायकोचाच आवाज आला. तिची खोली अंगणाकडे होती. "काळ्या हातांनीच या की वो. मला काय चादर विकायचीय?"

मी हसलो. गेलो नाही.

तिला दुखायचं, ते बघवत नाही असं मी मनाशी म्हणत होतो. ते खोटं होतं. दुखणं मी बघितलं होतं, इस्पितळात रात्ररात्र बघितलं होतं. मला तिच्या बोलण्याची भीती होती. तिला निरोपाचं बोलायचं होतं. कहासुना माफ करा म्हणतात तसं. मुलाला काय सांगा, सोनं कुणाला, माझ्यामागे तुम्ही वेळेवर जेवा. तिनं दोनदा सुरुवात केली होती आणि दोन्ही वेळा मी पाणी आणायच्या निमित्तानं उठलो होतो. सोहारची वाट दोन-अडीच तासांची. तेवढा वेळ मी स्टेअरिंगवर आणि ती शेजारी. तिथून उठून पाणी आणायला जाता येत नाही.

इंजिन बांधून झालं. दोस्ताची माणसं आली, गाडीत बसवून गेली. दोस्तही आला होता. खिडकीशी उभा राहून आत बघून म्हणाला, "भाभी, ह्यांची वाट बघण्यापेक्षा उंटावरून निघाला असतात तर आतापर्यंत सोहारला पोचून परत आला असतात."

आतून ती म्हणाली, "उंटाला ग्रीस लागत नाही, नाहीतर तोही खोलला असता यांनी."

दोस्त इतका हसला की त्याला खोकला आला. मी ऐकलेला तिचा तो शेवटचा विनोद.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तेल भरलं, पाणी भरलं, वायरी जोडल्या. मुलगा ऑफिसात होता. मी किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, थांबलं. पुन्हा फिरवली आणि चालू झालं. चहाला उकळी यावी इतका वेळ मी ते चालू ठेवलं. धूर नाही. गळती नाही. मी टॉर्च घेऊन हेडच्या कडेनं सगळीकडे बघितलं, बोट फिरवलं. कोरडं. स्वतःच्या हातानं बांधलेलं पहिलं इंजिन, आणि आवाज असा, जणू कुणी हळू आवाजात पढतंय. मला आनंद झाला, हेही खरं. मग कळलं की आता निघावं लागेल. मी बंद केलं.

स्वयंपाकघराच्या दारात सून उभी होती. हातात माझा चहा. तिचा चेहरा उजळला होता.

"झाली?" ती म्हणाली.

"नाही. गॅस्केट गळतंय. परत खोलावं लागेल."

तिनं गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. चहा टायरवर ठेवून गेली.

संध्याकाळी, खूप दिवसांनी, मी हात धुऊन बायकोजवळ जाऊन बसलो. कदाचित मला बघायचं होतं की तिला कळलं का. ती डोळे मिटून होती. म्हणाली, "आज दुपारी आपल्या गाडीचा आवाज आला ना?"

"नाही. शेजाऱ्याची असेल."

त्या गाडीचा आवाज ती माझ्यापेक्षा जास्त ओळखत होती. सोहारला मी कामावरून येताना लांबून तो आवाज ऐकून ती चहा टाकायची.

"असेल," ती म्हणाली. आणि माझ्या हातावर हात ठेवला. नखांत काळं तसंच होतं. तिनं त्यावर अंगठा फिरवला. सोहारचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही.

सकाळी उठून मी हेड खोललं. खोटं खरं करायला. पाणी काढलं, बोल्ट सैल केले, नवं कोरं गॅस्केट निघालं. त्यावर कुठं डाग नव्हता. एकदा दाबलं गेलेलं गॅस्केट पुन्हा बसवता येत नाही, दुसरंच आणावं लागतं. मुलानं पैसे दिले. म्हणाला, "टेन्शन नका घेऊ अब्बा. अम्मीसाठी आहे." ते जुनं मी कचऱ्यात टाकलं आणि परत व्हॉल्व्ह काढून घुसळायला बसलो.

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. पण त्यातले पहिले काही दिवस बऱ्यापैकी होते. ती बसू शकत होती. एकदा तर सुनेच्या आधारानं खिडकीपर्यंत आली आणि तिथून मला बघत उभी राहिली. मी वर बघितलं नाही. गाडी नीट होती तशी राहू दिली असती तर त्या दिवसांत आम्ही सोहारला जाऊन आलो असतो.

ती गेली त्या दिवशी सून दाराशी आली आणि नेहमीसारखं "अम्मी बोलावतात" म्हणाली नाही. नुसतं म्हणाली, "अब्बा, या."

मी म्हणालो, "हात धुऊन येतो."

नळाखाली कपड्यांची पावडर घेऊन मी हात घासत राहिलो. नखं घासली, मनगटं घासली, स्वच्छ झालेलं पुन्हा घासलं. आतून रडण्याचा आवाज आला तेव्हा नळ चालूच होता.

आम्ही शाफई पंथाचे. आमच्यात नवऱ्यानं बायकोला गुसल, म्हणजे शेवटची अंघोळ, द्यायला मुभा आहे. तिच्या मोठ्या बहिणीनं मला विचारलं, "तुम्ही देता का? तिची इच्छा होती." मी माझी नखं बघितली. "बायकांनीच द्या," म्हणालो. मुलगा नंतर लोकांना सांगत होता, अब्बांचे हात थरथरत होते. थरथरत नव्हते.

चाळिसाव्यानंतर दोस्तानं पाना परत मागितला, म्हणून मी इंजिन पुन्हा बांधलं. आता काही निमित्त राहिलं नव्हतं. दोन दिवसांत झालं. गाडी तपासणीत पास झाली. मुलानं मला मिठी मारली आणि रडला, आणि तेव्हापासून ही गोष्ट सुरू झाली. तो दर वर्षी म्हणतो, "अब्बा, चला ना, त्याच गाडीनं सोहारला जाऊन येऊ. अम्मीची विश होती." मी म्हणतो, इंजिन अजून लांबच्या रस्त्याला रुळलं नाही. तो ते मानतो. माझं सगळं मानतो.

मुलाला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही; इथल्या इंग्रजी शाळेत शिकला. सून दापोलीची, ती वाचते. म्हणजे हे कागद आधी तिच्याच हातात जाणार. मी मराठीत लिहायला बसलो तेव्हा हे माझ्या ध्यानात होतं, आणि त्यातही माझी जुनी खोड असेल. स्वतः तोंडानं सांगायचं टाळून पुन्हा तिलाच दाराशी उभं केलंय. म्हणून शेवटचं काम तरी मी करतो. उद्या शुक्रवार. मुलगा घरी असेल. त्याला सोहारला चल म्हणणार आहे, याच गाडीनं, सुनेलाही घेऊन. गाडी त्याला चालवायला देईन आणि मी शेजारी बसेन, बायको बसायची त्या जागी. रस्त्याला लागल्यावर सांगेन की गॅस्केट गळत नव्हतं.

खोली आहे की पाडली, तेही बघून येऊ.