जपानीच बोलावं लागेल असं काम

माझ्यासमोर दोन नोकऱ्या होत्या. एक तोक्योतली, कॉम्प्युटर कंपनीत. निम्मं ऑफिस आपल्याकडचं, काम इंग्रजीत. दुसरी उत्तरेकडच्या लहानशा गावात, वृद्धाश्रमात. तिथे जपानीशिवाय कोणालाच काही येत नव्हतं.

मी तेव्हा दिल्लीत, मुनिरक्यात खोली घेऊन जपानी शिकत होते. परीक्षा पास व्हायचे, पण जपानी माणूस समोर आला की तोंडातून शब्द फुटत नसे. आमच्या बाई भर वर्गात माझी नक्कल करायच्या. त्यांचा सल्ला विचारला तर म्हणाल्या, "तोक्योला गेलीस तर अशीच राहशील. म्हाताऱ्यांकडे जा. तिथे तुझी कीव करायला कोणी नसेल."

मी वृद्धाश्रम निवडला.

दिल्लीतच द्वारकेला आई-बाबांच्या घरी सांगायला गेले तेव्हा बाबा आईला भरवत होते. तिची उजवी बाजू लुळी पडली होती. सगळं बाबा करायचे, आणि दिवसा कामाला एक बाई यायची. बाबांनी चमचा खाली ठेवला नाही. "परक्यांचं हगणं-मुतणं काढायला विमानाने जाणार," ते म्हणाले, "इथलं करायला मेट्रोनेसुद्धा येत नाहीस." आई एवढंच म्हणाली की जाऊ दे तिला, शिकू दे.

वृद्धाश्रमात माझ्याकडे एक निवृत्त मास्तर होते. माझं वाक्य चुकलं की ते तोंड घट्ट मिटून घेत, बरोबर म्हणेपर्यंत घास घेत नसत. लघवीने भिजलेल्या चादरीवर पडून माझी क्रियापदं सुधारत, आणि तोवर अंगाला हात लावू देत नसत. बाकीचे म्हातारे हसायचे. हळूहळू माझ्या चुका कमी झाल्या. मास्तर गेले तेव्हा त्यांच्या मुलीला फोनवर मीच कळवलं. सगळं बोलणं आदरार्थी, एकही चूक नाही. फोन ठेवल्यावर मला दुःख झालं नाही, आनंद झाला.

सुट्टी घेऊन घरी आले तेव्हा आईने मला ओळखलं नाही. तिची स्मृती जाऊन बरेच महिने झाले होते. फोनवर का नाही सांगितलंत, असं मी विचारलं. बाबा म्हणाले, "सांगितलं असतं तर आली असतीस?"



दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईची चादर बदलायला घेतली. तिला कुशीवर वळवताना सवयीने जपानीच बोलले: झालंच, जरा कळ काढा. आई घाबरली. दारातून बाबा म्हणाले, "तिच्याशी मराठीत बोल."

मी मराठीत बोलले. तिचं अंग पुसलं, केस विंचरले. ती शांत झाली आणि माझ्याकडे पाहत राहिली. आमच्या घरात आम्ही आपसांत कधी हिंदी बोललो नव्हतो. ती कामाच्या बायकांशी बोलायची भाषा.

"हाथ अच्छा है तुम्हारा," आई म्हणाली. "रोज आया करो."

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी तिला काही समजावलं नाही. "हो म्हण," एवढंच ते मला म्हणाले.

मी हिंदीत हो म्हटलं.