मामाने नाव काढलं

माझ्या धाकट्या मामाइतका न सापडणारा माणूस अख्ख्या मुलुंडमध्ये नाही, आणि ही गोष्ट त्याने स्वतःच्या कष्टाने मिळवलेली आहे. तसा तो रोज सापडतो. सकाळी सहाला बागेत, सातला दूधवाल्याशी हुज्जत घालताना, दहाला गॅलरीत पेपर वाचताना. आवाज तर पलीकडच्या बिल्डिंगपर्यंत जातो. पण त्याला फोनवर शोधून दाखवा. नाव टाका, आडनाव टाका, शाळेचं नाव टाका. त्याच नावाचे एक दंतवैद्य आणि एक ढोलपथकवाले निघतील, मामा निघणार नाही. चुकून निघालाच, तर प्रोफाइलच्या जागी त्याच्या डोक्याची मागची बाजू दिसेल. मामीचं मत असं की मामाचा इतका चांगला फोटो आजवर आलेला नाही.

मामाने एकतीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात काढली. कागदावर नाव आलं की त्या कागदाची जबाबदारी आली, एवढं एकच तत्त्वज्ञान घेऊन तो निवृत्त झाला. भाचरांनी हौसेने त्याचं सोशल मीडियावर खातं उघडून दिलं. तिसऱ्याच दिवशी त्याच्या एका शाळासोबत्याने कमळाचं चित्र टाकलं, वर ‘शुभ सकाळ’ लिहिलं आणि खाली एकोणपन्नास जणांना टॅग केलं. त्यात मामा होता. मी त्याच्याच बिल्डिंगमध्ये दोन मजले खाली राहते, त्यामुळे पहिला फोन मला. मी वर गेले तेव्हा तो दोन बोटांनी कमळ मोठं करून पाकळी पाकळी तपासत होता.

“ह्यात मी कुठे आहे?”

“मामा, तू नाहीयेस त्यात.”

“मग माझं नाव का आहे?”

मामाने कमळाखाली कॉमेंट लिहिली: ‘महोदय, सदर कमळाशी माझा कोणताही संबंध नाही. तरी माझे नाव वगळण्यात यावे, ही विनंती.’ मित्राने त्याला लाल बदाम पाठवला आणि दुसऱ्या दिवशी सूर्यफुलाच्या चित्रात टॅग केलं.

तिथून मामा पेटला. खातं बंद कर म्हटलं तर तो म्हणाला, “मी का जाऊ? मी रीतसर आलोय.” त्याने त्या ॲपच्या अटी आणि शर्ती छापून आणल्या आणि आठ दिवस पेन्सिल घेऊन वाचल्या. एवढ्या लोकांनी खाली ‘मान्य आहे’ म्हटलंय, पण त्या पूर्ण वाचलेला माणूस मी तरी एकच पाहिला. समासात जागोजागी ‘संदिग्ध’, ‘म्हणजे काय?’ आणि एका ठिकाणी नुसतंच ‘अरे!’ असं लिहिलेलं होतं. त्यातल्या अर्ध्याच अटी मान्य करायची सोय आहे का, हे विचारायला त्याने कंपनीला पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही. मग तो सेटिंगमध्ये शिरला. कोणत्या खणात कोणतं बटण आहे, ॲप बदललं की ते बटण कुठे सरकतं, हे त्याला मामीच्या मसाल्याच्या डब्यापेक्षा जास्त पाठ झालं. आपलं नाव कुणी फोटोला लावलं तर ते आधी आपल्याकडे मंजुरीला यावं, अशी सोय त्याला सापडली, त्या दिवशी त्याने घरात श्रीखंड आणलं. मंजुरी देणं-नाकारणं हे त्याला कचेरीत कधी मिळालं नव्हतं. पहिल्या महिन्यात त्याने एकशे बारा टॅग नाकारले. मंजूर एकही केला नाही.

मग प्रत्यक्ष फोटोंवर मोर्चा वळला. लग्नाकार्यात कॅमेरा वर झाला की मामाच्या चपलेचा पट्टा सुटतो. आमच्या कुटुंबातल्या गेल्या अकरा समारंभांचे फोटो काढून बघा, प्रत्येकात कडेला पांढऱ्या केसांचा एक वाकलेला पुंजका आहे. माझ्या लग्नात तर स्टेजवर गुरुजींनी त्याला हाताला धरून उभं केलं, तेव्हा तो ऐनवेळी समईमागे सरकला.

ह्या सगळ्यात खरी पंचाईत मामीची. मामीला फोटो टाकल्याशिवाय पदार्थाला चव येत नाही. घावणे, नवा पडदा, कुंडीतली मिरची, मिरचीला आलेलं फूल, सगळं वर जातं. मामाने पहिल्यांदा आक्षेप घेतला तेव्हा ती थेट मालवणीवर आली. “तुमचा काय जाता त्यात?” शेवटी तह झाला. मामीने काहीही टाकावं. मामाचा मात्र मनगटापर्यंतचाच भाग दाखवावा. त्यामुळे गणपतीच्या फोटोंत आरतीचं तबक धरलेला एक हात दिसतो, त्याचं धड कुणाचं ते जगाला माहीत नाही.

ह्या विद्येचा बोलबाला झाला आणि बागेतल्या बाकावर मामाकडे माणसं येऊ लागली. हास्यक्लबच्या बायका, निवृत्त मास्तर, एकदा तर एक भटजी. मामा चष्मा पुसायचा आणि तीनच प्रश्न विचारायचा. “तुम्हाला कोण बघतंय? कोणी बघावं असं वाटतं? आणि हे दोन्ही एकच लोक आहेत का?” बहुतेकांचा चेहरा तिसऱ्या प्रश्नाला पडायचा. पण सगळ्यांचंच काम तो करायचा असं नाही. घाटकोपरचा आमचा एक मावसभाऊ ऑफिसला ताप आल्याचं कळवून गोराईला गेला, मित्रांनी त्याला समुद्रासकट टॅग केलं आणि साहेबाने त्या फोटोला अंगठा दिला. तो धावत मामाकडे आला. “मामा, वाट लागली यार, काढ ना काहीतरी करून.” मामाने फोन हातातही घेतला नाही. “खोटं लपवायचं काम मी करत नाही. उद्या जाऊन सांग, ताप नव्हता म्हणून.”

तिसऱ्या मजल्यावर सुजाता राहायला आली ती साधारण ह्याच सुमाराला. तिशीची असेल. बरोबर म्हातारी आई आणि पाच वर्षांची ओवी. नवरा कुठे असतो, हे बिल्डिंगने आपापसात तीन वेगवेगळ्या प्रकारे ठरवलं होतं. एका सकाळी ती बाकापाशी येऊन उभी राहिली. मी तेव्हा तिथेच होते.

“काका, माझं नाव कुणी फोटोला लावलं, तर लोकांना दिसायच्या आधी मला कळेल, अशी सोय असते ना?”

“असते.”

“आणि आपण कुठे राहतो ते लपवता येतं?”

मामाने तिच्याकडे पाहिलं. तीन प्रश्नांपैकी एकही विचारला नाही. नुसतं “बस” म्हणाला आणि दीड तास तिच्या फोनवर मान खाली घालून काम करत राहिला. घरी येताना मी काही विचारणार, तेवढ्यात म्हणाला, “आपलं काम सेटिंगचं.”

त्या वर्षी संक्रांतीचं हळदीकुंकू मामीकडे होतं. सव्वीस बायका, दाटीवाटीने एक फोटो, पुढे सतरंजीवर हलव्याचे दागिने घालून बसलेली ओवी. दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी चहा झाल्यावर मामीने तो फोटो टाकला. वर लिहिलं ‘आमच्या लेकी-सुना’, खाली बिल्डिंगचं नाव, मुलुंड पूर्व, आणि सगळ्यांना टॅग. दुपारी बाराला सुजाता वर आली. मी मामीचा डबा परत द्यायला गेले होते. सुजाताच्या हातात फोन होता.

“काका, नाव मी अडवलं. मंजुरीला आलं होतं. पण फोटो तसाच आहे. बिल्डिंगचं नाव आहे. ओवी समोरच बसलीय.” मग एकदम आवाज खाली आणून म्हणाली, “त्याची मावसबहीण ठाण्यालाच आहे. तो ओवीला उचलून न्यायला बघतोय, काका. कोर्टात तसं बोललाय.”

मामा खुर्चीत बसला. “मी नुसतं नाव बघत बसलो,” तो म्हणाला. “चेहऱ्याचं राहिलंच.”

मामी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने फोटो काढून टाकला. पण तोवर आठ जणींनी तो उचलून आपापल्या खात्यावर टाकला होता. मामा उठला आणि मामीला म्हणाला, “चप्पल घाल. का, ते कुणालाही सांगायचं नाही.”

“मग सांगायचं काय?”

मामाने फोटो मोठा केला. मागे, दाराच्या फटीत, तिळगुळाचं ताट घेतलेली एक अर्धवट आकृती होती. एक कान आणि चष्म्याची एक काच.

“हा मी,” तो म्हणाला. “मला माझा फोटो चालत नाही.”

आणि ती दोघं दारोदार गेली. मी मागे. दुसऱ्या मजल्यावर हसून हसून पुरेवाट झाली. चौथ्यावरच्या काकू म्हणाल्या, “अहो काका, सव्वीस बायकांत तुमच्या कानाकडे कोण बघतंय?” मामा म्हणाला, “कुणीतरी बघेल.” मामीने कपाळावर हात मारून घेतला. “काय सांगू बाई, ह्यांचं डोकं फिरलंय. काढून टाक गं, नाहीतर आज जेवायचे नाहीत.” चाळीस वर्षांच्या संसारात मामीने मामाला इतकी साथ दिलेली मी पाहिली नव्हती. बायका हसत होत्या आणि फोटो काढून टाकत होत्या. कुणी कारण विचारलं नाही. कारण मामा हाच कारण म्हणून पुरेसा होता. बिल्डिंगच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, ‘यापुढे फोटो काढताना काकांच्या कानाची लेखी परवानगी घ्यावी.’ खाली एकोणीस हसरे चेहरे. सेक्रेटरी लिफ्टमध्ये भेटले, ते तोंडावरच म्हणाले, “आता जरा अति होतंय हं.” मामा म्हणाला, “हो. खरं आहे.”

तीनपर्यंत सात फोटो गेले. राहिली पाचव्या मजल्यावरच्या बाईंकडे पाहुणी आलेली त्यांची बहीण. ती बोरिवलीला परतली होती आणि फोन उचलत नव्हती. मामाने पत्ता घेतला. मीही निघाले. दोन बस बदलून पोचायला पावणेदोन तास लागले, आणि एवढ्या वेळात मामा दर पाच मिनिटांनी माझ्या फोनवर तो फोटो अजून आहे का ते बघत होता. होता.

बाईंनी साखळी लावूनच दार किलकिलं केलं. “कोण?”

“मी कालच्या हळदीकुंकवाच्या फोटोतला.”

“हळदीकुंकवाच्या?”

मामाने फोटो समोर धरला आणि दाराच्या फटीवर बोट ठेवलं. बाईंनी डोळे बारीक केले. “अहो, ह्यात तुम्ही दिसतसुद्धा नाही!”

“मला दिसतो ना,” मामा म्हणाला. “मुलुंडहून आलोय हो. एवढा काढून टाका.” त्याने हात जोडले. मामाने कुणापुढे हात जोडलेले मी तोवर देवळाबाहेर पाहिले नव्हते.

बाईंनी साखळी काढली. फोन चार्जिंगला होता, म्हणून उचलला नव्हता. त्यांनी आमच्यादेखत फोटो काढून टाकला, वर मामाला तिळगुळाची वडी दिली आणि मला हळूच विचारलं, “ह्यांना कुणा डॉक्टरला दाखवलंत का?” मी म्हटलं, “दाखवतोय.”

तो फोटो तिथे सात-आठ तास होता. त्या वेळात तो कुणी पाहिला, हे कळायला मार्ग नाही. पुढचे कित्येक दिवस मामा पेपर गॅलरीऐवजी गेटजवळच्या कट्ट्यावर वाचायचा. वॉचमनला वाटलं, घरात भांडण झालंय. कुणी आलं नाही. पुढच्या पावसाळ्यात सुजाताचा निकाल लागला, ओवी तिच्याकडेच राहिली. दिवाळीनंतर तिला दुसऱ्या शहरात नोकरी मिळाली. कुठल्या, ते तिने मामाला सांगितलं. मामाने मला सांगितलं नाही. निरोपाला आली तेव्हा तिने मामीला मिठी मारली आणि त्या रविवारचं सगळं माझ्यासमोर पुन्हा आठवून रडली. मामा तिच्या फोनवर शेवटचा हात फिरवत होता.

“इथल्या सगळ्यांना यादीतून काढ,” तो म्हणाला. “एकाला ठेवलंस की त्याच्या धाग्याने दुसरा येतो.”

“तुम्हाला ठेवते ना, काका.”

“मलाही काढ.”

ती तयार होईना. शेवटी मामानेच स्वतःच्या नावावर बोट ठेवून ते काढून टाकलं आणि फोन तिच्या हातात दिला.

ह्याला दोन वर्षं झाली. बाकावर आता माणसं कमी येतात. नवीन मुलांना सगळं आधीच येतं, म्हातारे फोन नातवाकडे देतात. मामा अधूनमधून खाली माझ्याकडे येतो, चहा घेतो आणि सहज विचारल्यासारखा माझा फोन मागतो. त्याच्या स्वतःच्या खात्यातून काहीच दिसत नाही, इतकं ते बंद आहे. मग तो सुजाताचं नाव टाकतो. माहेरचं आडनाव टाकून बघतो. एक काना कमी, एक वेलांटी जास्त, असं करून बघतो. पडद्यावर कुणीच निघत नाही.

परवा मी विचारलं, “सापडली?”

“छे,” मामा म्हणाला. “व्यवस्थित बंद ठेवलंय पोरीने.” फोन टेबलावर ठेवला, उलटा. चहाचा शेवटचा घोट घेतला. मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, “ओवी दुसरीत गेली असेल आता. पुढचे दात पडले असतील.”