ससे नसलेलं गवत

एक ससा शोधण्यात दमयंती मोघेची उमेदीची दोन वर्षं गेली आणि तो ससा काही तिला दिसला नाही. पुण्यात प्राणिशास्त्र शिकून ती थेट आसामात गेली होती, हिमालयाच्या पायथ्याशी पसरलेल्या गवताळ रानात. तिथं हिस्पिड हेअर राहतो. राठ केसांचा, आखूड कानांचा, काळपट ससा. जगातून संपला असं एकदा सगळ्यांनी धरून टाकलं होतं, मग तो पुन्हा सापडला. माणूस सहज बुडेल एवढ्या उंच गवतात तो असा दडून राहतो, की शोधणाऱ्याच्या वाट्याला बहुतेक वेळा त्याच्या लेंड्याच येतात. दमयंती त्यावरही खूश असे. गवतात ओणवं शिरायचं, कोपरं खरचटून घ्यायची, आणि लेंड्यांचा छोटासा ढीग दिसला की लॉटरी लागल्यासारखं हसायचं.

हिवाळा सरता सरता तिथं गवत पेटवत. कोवळा चारा फुटावा म्हणून. तिच्या पाहणीतला सगळ्यात चांगला तुकडा असाच जळाला. त्यानंतर तिथं तिला एकही लेंडी मिळाली नाही. हे ती फारसं कुणाला सांगत नसे.

लग्नानंतर ती गंधारबरोबर ख्राइस्टचर्चला आली. त्याची सॉफ्टवेअरची नोकरी लगेच सुरू झाली. तिच्या शिक्षणाचं काय करायचं हे मात्र या देशात कुणालाच कळेना. काही वर्षं तिनं सुपरमार्केटच्या बेकरीत पाव पिशव्यांत भरले. मग २००६च्या सुरुवातीला ग्लेनिस नावाच्या बाईंनी तिला कामावर घेतलं. ग्लेनिसची छोटी कंपनी होती. शेताशेतांत जाऊन रानससे किती आहेत ते पाहायचं आणि अहवाल द्यायचा. न्यूझीलंडात ससा म्हणजे शेतकऱ्याचा वैरी. गोऱ्या लोकांनी बोटीतून आणून सोडलेला, मेंढ्यांचा चारा फस्त करणारा. मध्ये एका रोगानं खूप मेले होते, पण आता परत वाढत होते. दमयंतीची नोकरी कच्ची होती. कायम करायचं की नाही ते ग्लेनिस नाताळाआधी ठरवणार होती. पुन्हा पाव भरायला जायचं नाही, एवढं दमयंतीनं मनाशी ठरवलं होतं.

मे महिन्यात तिनं पहिल्यांदा एकटीनं एक शेत केलं. शेत कॉलिन नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याचं, डोंगराच्या कुशीत. पद्धत सोपी होती. नकाशावर रेघा आखायच्या, रेघेवरून चालायचं, ठरावीक अंतरावर तारेचं कडं जमिनीवर टाकायचं आणि कड्यात किती लेंड्या आहेत ते पाहायचं. रेघा कुठं आखायच्या ते तिच्यावर सोडलं होतं. शेताच्या एका अंगाला ओढ्याकाठी टसॉकचं रान होतं. सोनेरी, दाट, कमरेच्या वर जाणारं गवत. ते पाहून तिला भरूनच आलं. सगळ्या रेघा तिनं त्या गवतातून काढल्या. दिवसभर ओणवी होऊन शोधलं, जवळजवळ काहीच मिळालं नाही. अहवालात तिनं लिहिलं, ससे नगण्य.

ऑक्टोबरात कॉलिनचा फोन आला. शेतभर ससे झालेत, या आणि बघा. ग्लेनिसनं दमयंतीलाच पाठवलं.

ओढ्याच्या पलीकडचा उतार मेंढ्यांनी चरून चरून बोडका केला होता. मे महिन्यात तिनं तो गाडीतूनच पाहिला होता आणि सोडून दिला होता. इतक्या उघड्यावर ससा कशाला राहील? आता ती तिथं पायी गेली. जागोजाग बिळं, उकरलेली माती, आणि साबुदाणा सांडावा तशा लेंड्या. वाळून पांढऱ्या पडलेल्या जुन्याही होत्या. म्हणजे मे महिन्यातही ससे इथंच होते. इथल्या सशाला आखूड गवत लागतं, लांबवर नजर टाकता येईल असं. हे तिनं वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही असतं. पण तिचे पाय आसामात शिकले होते. ती इथला ससा तिथल्या सशाच्या घरात शोधत बसली होती.

कॉलिनला ह्यातलं काही माहीत नव्हतं. त्याचा हिशेब सरळ होता. मे महिन्यात शेतभर शोधून ससे नव्हते असं अहवाल म्हणतो, मग ते दडून बसले असणार त्या दाट टसॉकमध्ये आणि आले तिथूनच. पेटवायची परवानगी त्यानं काढली होती. वारा पडला की पुढच्या आठवड्यात काडी लावणार होता.

दमयंती गप्प बसली. गवत जळालं की तिची चूक त्याबरोबर जळणार होती. तिनं कुठं शोधलं होतं हे पुन्हा कुणी विचारलंही नसतं.

संध्याकाळी वरणाला फोडणी देताना तिनं गंधारला सगळं सांगितलं. तो आधी हसला.

"म्हणजे आसामात ससा होता तो तुला दिसला नाही, आणि इथं ढिगानं आहेत ते तू बघितले नाहीस."

"हसू नको रे. ग्लेनिसला सांगितलं तर नोकरी जाईल."

"मग नको सांगूस. गवतच आहे, दमा. परत उगवेल."

तिनं गॅस बंद केला. "तिथंही सगळे हेच म्हणायचे."

गंधार उठला. त्यानं पानं घेतली.

सकाळी ती ग्लेनिससमोर उभी राहिली आणि नकाशा पुढं ठेवून रेघा कुठून काढल्या होत्या ते दाखवलं. ग्लेनिसनं चष्मा वर केला, खाली केला.

"म्हणजे या जिल्ह्यात ससे नाहीत तिथं इतक्या बारकाईनं शोधणारी तू एकटीच."

"हो. म्हणून तर सांगतेय. त्या गवतात ससे नाहीत हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. ते जाळून काही उपयोग नाही."

"हे कॉलिनला तूच सांगायचं. मी गाडीत बसेन," ग्लेनिस म्हणाली.

कॉलिन चांगलाच तापला. एक हंगाम वाया गेला म्हणून त्यानं तिला बरंच काही ऐकवलं, आणि त्याचं म्हणणं खरं होतं. ती ऐकत राहिली. मग तिनं तारेचं कडं त्याच्या हातात दिलं.

"तुम्हीच टाका. मी हातही लावत नाही."

म्हातारा कुरकुरत टसॉकमध्ये शिरला. कडं टाकी, गुडघ्यावर बसे, गवत बाजूला सारून पाही. लेंड्या नाहीत. एका झुडपाच्या बुडातून एक सरडा सळकन निघाला, तेव्हा कॉलिन त्याच्याकडे बघत तिथंच बसून राहिला. उठला तो टोपीवर गवताचं बी घेऊन.

"लहानपणी हे सरडे पुष्कळ असायचे," तो म्हणाला. कडं तिला परत देताना त्यानं विचारलं, "मग ससे कुठं राहतात म्हणतेस?"

तिनं पलीकडचा बोडका उतार दाखवला. मेंढ्या तिथून काही काळ हलवाव्या लागतील, गवत वाढू द्यावं लागेल, आणि ससे मारावे लागतील, हेही सांगितलं. शेवटचं वाक्य बोलताना तिचा आवाज बारीक झाला. कॉलिननं परवानगीचा कागद घडी घालून खिशात ठेवला. या वर्षी तरी पेटवत नाही, म्हणाला.

परतीच्या वाटेवर गाडी ग्लेनिस चालवत होती. गाव जवळ आल्यावर तिनं सांगितलं की मेपासून दमयंतीनं एकटीनं केलेली सगळी शेतं पुन्हा बघायची, आणि कायम करायचं की नाही ते आता नाताळाआधी नाही, नंतर ठरेल.

"नंतर म्हणजे कधी?" दमयंतीनं विचारलं.

"तुझ्या रेघा कुठून जातात ते पाहिल्यावर."

दमयंतीनं मांडीवरचा नकाशा उलगडला आणि पेन्सिल काढली. पहिली रेघ तिनं बोडक्या उतारावरून ओढली. मग जरा थांबून एक रेघ टसॉकमधूनही काढली.