माऊसवर माझा हात

त्यांनी माझा हात उचलला आणि माऊसवर ठेवला. विचारलं नाही, सांगितलं नाही. पाहुण्यांचा हात वर, मधे माझा, खाली माऊस. कुणीतरी ओरडलं, "ताई, इकडं बघून हसा!" इकडं म्हणजे कुठं? मी जन्मापासून आंधळी. तरी हसले. टाळ्या पडल्या. वेबसाइटचं उद्घाटन झालं.

हिंजवडीत काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, ते दिवस. पाहुणेही तिथल्याच एका कंपनीचे साहेब. पिरंगुटच्या त्या संस्थेत मी फोन घ्यायचे. अपंगांसाठी काम करणारी संस्था बरं का! मी पुण्याच्या अंधशाळेत शिकलेली, कॉम्प्युटरही तिथंच शिकले. आमचा कॉम्प्युटर बोलतो, पडद्यावरचं वाचून दाखवतो. माऊसला आम्ही हात लावत नाही. तो बाण कुठं फिरतोय ते बघायला डोळे लागतात. आमचं सगळं कीबोर्डवर. संस्थेत हे सगळ्यांना ठाऊक, रोज माझ्या टेबलाजवळून तर जायचे. पण उद्घाटन म्हटलं की एकतर फीत नाहीतर माऊस. आणि मधे आंधळी पोरगी. फोटो चांगला येतो.

वेबसाइट बनत होती तेव्हाच मी मॅडमना, म्हणजे संस्थेच्या प्रमुखांना, सांगितलं होतं. "मॅडम, मजकूरसुद्धा चित्र करून टाकलाय. माझा कॉम्प्युटर चित्र वाचत नाही. अक्षरं अक्षरांसारखी टाकायला सांगा ना."

मॅडम हसल्या. "अगं, ती देणगीदारांसाठी आहे. तुम्हा लोकांसाठी आम्ही आहोत ना!"

तुम्हा लोकांसाठी. अंगाची नुसती लाहीलाही झाली. पण गप्प बसले. नोकरी हवी होती.

टाळ्या थांबल्या आणि माईक माझ्या हातात दिला. वाक्य सकाळीच पाठ करून घेतलं होतं: "या वेबसाइटनं माझ्या आयुष्यात उजेड आणला." पुढच्याच रांगेत आई. पॅकिंगच्या कंपनीतून सुट्टी घेऊन आलेली. तिचा आवाज ऐकू आला, "बोल गं, घाबरू नगं."

तोंड उघडलं. वाक्य बाहेर येईना. वेबसाइटवर पहिल्याच पानावर माझा फोटो होता, खाली माझी गोष्ट. सगळे म्हणत होते, छान लिहिलंय. मी सकाळी उघडून पाहिलं होतं. कॉम्प्युटर म्हणाला, ग्राफिक. पुढं गेले. ग्राफिक. अख्खी मी, आणि एवढंच.

मी म्हणाले, "मला ही वेबसाइट वाचता येत नाही. माझ्याबद्दल काय लिहिलंय तेसुद्धा मला माहीत नाही."

खुर्च्या करकरल्या. मॅडमनी माईक काढून घेतला. "जरा भावुक झालीये ती." भावुक? डोंबलाची भावुक! संतापले होते मी.

बाहेर आईनं दंड धरला. "बये, काय केलंस ह्ये? नोकरी गेली तर खायाचं काय?" रस्त्यावरून बस गेली, ट्रक गेला. मग तीच हळू आवाजात म्हणाली, "पडद्यावर त्या फोटूखाली काय लिवलंय ते म्या शेजारी बसलेल्या बाईकडनं वाचून घेतलं. बिचारी लिवलंय तुला. तुज्या पगारावर निम्मं घर चालतंय आन् तू बिचारी व्हय?"

मला रडू आलं. लई राग आला. स्वतःच्या गप्प बसण्याचासुद्धा.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी बोलावलं. "साहेबांना फोन कर, सॉरी म्हण. विषय संपव."

"नाही म्हणणार. वेबसाइटवरून माझा फोटो हटवा. ती गोष्ट काढा. माझी गोष्ट मी लिहीन, आणि मला वाचता येईल अशीच ती तिथं लागेल."

"आणि तुलाच काढलं तर?"

"तर फाटकाशी उभी राहीन. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगीन, आत अपंगांचं काम चालतं, फक्त अपंगांना विचारत नाहीत."

मॅडमनी फोन उचलला आणि दुसऱ्याच कुणाशी बोलायला लागल्या. बोला खुशाल. मी उद्या परत विचारणार, फोटो हटवला का. परवाही विचारणार. ठेवा नाहीतर काढा, मी आता गप्प बसायची नाही.