कबुतरवाल्याची साक्ष

फुरात, म्हणजे युफ्रेटिस, नदीच्या काठच्या त्या गावात शिहाबला खरं बोलणारा म्हणून कुणी ओळखत नव्हतं. कबुतरं उडवणाऱ्याची साक्ष कोर्टात चालत नाही, ही तिथली जुनी रीत. हे लोक दुसऱ्याचं पाखरू आपल्या थव्यात ओढून घेतात आणि त्याच्याच तोंडावर शपथ घेऊन सांगतात, की पाहिलंसुद्धा नाही. शिहाबही त्यातलाच. पंप दुरुस्त करून पोट भरायचा आणि चहाच्या टपरीवर आपल्या कबऱ्या नराच्या नावाने वाट्टेल त्या थापा ठोकायचा. सासऱ्यांनी मुलगी देताना पुष्कळ आढेवेढे घेतले होते. बायको नजाह अजूनही म्हणायची, "माझं लग्न गच्चीशीच झालंय. तुम्ही आपले मध्ये आहात."

मग सरकारी फौज पळाली आणि काळ्या झेंड्यांचे लोक गावात घुसले. तंबाखू बंद, गाणी बंद, बायकांचे चेहरे बंद. कबुतरंही बंद, कारण गच्चीवर चढलेला पुरुष म्हणे शेजारच्या अंगणात डोकावतो. शिहाबच्या जिवाची नुसती तगमग झाली. पाखरं खुराड्यात घुमत होती आणि हा खाली घरात येरझाऱ्या घालत होता.

शेवटी एका शुक्रवारी, सगळे मशिदीत असताना, पोट बिघडल्याचं सांगून तो घरीच राहिला. गच्चीवर जाऊन त्याने थवा सोडला आणि काठीला बांधलेलं काळं फडकं फिरवलं. बाहेरच्या रस्त्याने येणाऱ्या गाडीतल्या बंदूकवाल्यांना तेवढं फडकं दिसलं. कोणीतरी सरकारी विमानांना खुणा करतंय, असं त्यांनी ठरवलं. शिहाबने घाईघाईने पाखरं उतरवून कोंडली. ते गल्लीत शिरले तेव्हा त्यांना शेजारच्या गच्चीवर काळं कापड वाळत घातलेलं सापडलं. ते रिदवान शिंप्याचं होतं, त्यांच्याच हुकमावरून बुरख्यांसाठी आणलेलं. तापाने फणफणलेल्या रिदवानला त्यांनी फरपटत नेलं. सोमवारी चौकात त्याचं डोकं उडवणार, अशी दवंडी पिटली.

फडकं कुणाचं हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. रिदवानची आई, बद्रिया खाला, शिहाबच्या उंबऱ्यावर येऊन बसली. शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं त्याला वाटलं. नजाह डोळे पुसत म्हणाली, "जा. पण थापा घरी ठेवून जा."

शाळेच्या इमारतीत परदेशी काझी बसला होता. शिहाबने सगळं सांगून टाकलं. गावातल्याच एकाने काझीच्या कानाला लागून हा कोण ते सांगितलं, तसा काझी हसला. "तुझी साक्ष तर तुमची जुनी कोर्टंही घेत नव्हती."

"माझी नका घेऊ. पाखरांची घ्या," शिहाब म्हणाला.

काझीने अट घातली. फडक्याच्या इशाऱ्यावर थवा फिरला आणि सगळा खाली उतरला, तर शिंपी सुटेल. शिहाबला फटके आणि कबुतरांना सुरी. एक जरी परतलं नाही, तर शिंप्याबरोबर शिहाबचंही डोकं जाईल.

गच्चीवर काझी आणि बंदूकवाले उभे राहिले. शिहाबने खुराड्याचं दार उघडलं. थवा वर गेला, काठीबरोबर वळला, पुन्हा वळला. जन्मभर जो थवा परत यावा म्हणून त्याने जीव टाकला, तो आज नदीपलीकडे निघून जावा असं त्याला वाटत होतं. काठी खाली घेववेना. गल्लीत बद्रिया खाला चेहरा झाकून वर बघत उभी होती.

त्याने काठी टाकली. एक पांढरी मादी हातात धरून तिचे पंख फडफडवले, रोज बोलवायचा तसं. पाखरं भराभर उतरली. कबरा नर सर्वांत शेवटी आला आणि सवयीने खांद्यावर बसला. शिंप्याला सोडायला सांगून काझी जिना उतरला.

एक बंदूकवाला सुरी काढून पुढे झाला. शिहाब ढसाढसा रडत होता. "द्या इकडे, मीच करतो," तो म्हणाला. "माझ्या हातात ती घाबरत नाहीत."

आणि खरंच, एकानेही पंख झटकला नाही.