मोजणी मीच बंद केली

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हालाच का सांगतोय, तेही धड कळत नाही — पण आता आत ठेवून ठेवून वैताग आलाय.

हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, विजय नगर भागात, आमचं छोटं ऑफिस होतं. इमारतींवरच्या टाक्यांचे पंप आपोआप चालू-बंद करणारे डबे आम्ही बनवायचो. डब्यात एक छोटा संगणक, आणि त्याचा गाभा, म्हणजे कर्नल, माझ्याकडे. ऑफिसात सगळी हिंदी; मराठी बोलणारे दोघंच, मी आणि वैशाली. ती नवी होती, मला दादा म्हणायची. टाकीत पाणी किती आहे ते वाचणारा भाग तिचा. मोबाईलवर संदेश पाठवणारा भाग माझा.

कर्नल एक मोजणी ठेवायचा — कुठल्या भागाने किती मेमरी घेतली, किती परत केली. असले रुक्ष आकडे कोण बघतं? आमचे मालक बघायचे. दर शनिवारी. आणि एका गुरुवारी मला दिसलं, की माझा भाग मेमरी घेतोय आणि परत करतच नाहीये. दहा-बारा दिवसांत मेमरी संपून डबा अडकणार. दोन दिवस डोकं फोडलं, चूक सापडेना. स्वतःचाच इतका राग आला होता! सगळ्यांच्या चुका काढणारा मी — आणि शनिवारी माझाच आकडा सगळ्यात वर?

मग मी काय केलं? मोजणीच ऐच्छिक करून टाकली. हवी तर चालू करा, नको तर बंद — आणि बंदच ठेवली. कारण लिहिलं की मोजणीलाही मेमरी लागते, डबा लहान आहे, तेवढीच बचत. हे खोटं नव्हतं हो! खरं होतं, म्हणूनच तर कुणी काही विचारलं नाही. मालक म्हणाले, "सही सोचा, भैया." मी मान डोलावली.

पुढे कांचघरच्या एका सोसायटीत डबे अडकायला लागले. टाक्या कोरड्या, बायामाणसं बादल्या घेऊन खाली, आमच्या फोनवर शिव्या. दोष कुणाचा? मेमरी संपतेय एवढं कळलं, पण कुठला भाग खातोय त्याचे आकडे नव्हते, मग अंदाज सुरू झाले. सगळ्यात नवा भाग वैशालीचा, सगळ्यात नवी तीच. मालकांचं बोट तिच्याकडे वळलं.

ती माझ्याकडे आली. "दादा, मी रोज एकेक ओळ पाहून राहिली, काहीच दिसत नाही. काहून होऊन राहिलं असं? ते मोजणी चालू करून पाहू का?"

इथे — इथे तरी मला बोलता आलं असतं ना? मी म्हणालो, "नको. मेमरी आधीच कमी आहे, डबा अजून लवकर अडकेल." तिने लगेच मानलं. दादा सांगतोय म्हटल्यावर कशाला तपासेल?

तीन आठवडे ती मान खाली घालून बसली. शेवटी स्वतःच म्हणाली, चूक माझीच असेल. तिचा भाग काढून बाहेरून तयार आणलेला बसवला. त्याच सुमारास मला माझी चूक सापडली होती — मेमरी परत करणारी एक ओळ राहून गेली होती, फक्त एक! ती मी त्याच बदलात गुपचूप घातली. डबे अडकायचे थांबले. झालं, सगळ्यांना पुरावा मिळाला. तिला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं, तेव्हा मी समोरच्या खुर्चीत बसलो होतो. स्क्रीनकडे बघत.

मोजणी अजूनही बंदच असते. मीच बंद ठेवतो. आता तर गरजही नाही — मग का ठेवतो? मला माहीत नाही.

गेल्या वर्षी वैशाली बाजारात भेटली. गोहलपुरात एका शिकवणीवर्गात पोरांना कॉम्प्युटर शिकवते. माझ्या पाया पडायला वाकली, मी कसंबसं थांबवलं. म्हणाली, "पोरांना मी माझीच चूक सांगते, दादा. घेतलेली मेमरी परत करा म्हणते, नाहीतर माझ्यासारखं होते. तुम्ही तेव्हा किती समजून घेतलं मला."

मी 'अच्छा' म्हणालो. वर 'छान शिकवतेस' असंही म्हणालो.

तिच्या कोडमध्ये काहीही चूक नव्हती. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आणि ती अजून दर वर्षी नव्या पोरांसमोर उभी राहून माझी चूक स्वतःच्या नावाने सांगते.